जळगावचा फोन

त्या वर्षी आषाढात पावसाने उघडीप म्हणून दिली नाही. धो धो पडून मोकळा होईल असा पाऊस नव्हता, नुसती झड. बारा दिवस कोणी उन्हाचं तोंड पाहिलं नाही. कपाशी गुडघ्याला लागली आणि गवत तिच्या वर गेलं. कोळपं चालेना, बैल वावरात शिरले की पोटरीपर्यंत रुतायचे. मग राहिली ती हाताची निंदणी, आणि हात कुठून आणायचे? एरंडोलपासून दोन कोसांवरच्या त्या गावात सगळ्यांचीच कपाशी एकदम गवतात गेलेली. मजुरीने यायला बाई मोकळी नव्हती.

अशा वेळी गावात सावड चालते. आज पाच घरच्या बाया तुझ्या वावरात, उद्या त्याच पाच घरच्या माझ्या. कोणी कोणाला पैसा द्यायचा नाही, दिवसाला दिवस द्यायचा. उखर्डूची बायको मंजुळाबाई या सावडीची पाटलीण म्हटली तरी चालेल. साडेतीन एकराची मालकीण, पण कोणाचे किती दिवस आले आणि कोणाचे किती फेडायचे राहिले, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. अंगात ताप असताना ती डोक्याला फडकं बांधून शेजारच्या कुंदाबाईच्या वावरात गेली होती. कुंदाबाई म्हणाली होती, "राहू दे व मंजुळा, मंग देजो." पण सावडीत समोरचा माणूस 'राहू दे' म्हणतोच. ते म्हणायचं असतं. अब्रूची बाई तरीही जाते, असं मंजुळाबाईचं मत होतं, आणि या मताचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

मंगळवारी दुपारी तिची मुलगी दिपमाला जळगावहून परत आली. कपडेही न बदलता तशीच वावरात आली. पांढऱ्या बुटांना काळी माती लागू नये म्हणून ते तिने हातात धरले होते.

"माय, निवड चाचणी झाली. मॅडम भलत्या खूश व्हत्या."

"इळा ले आधी," मंजुळाबाई म्हणाली. "कुंदाक्कानी पात पुढे गयी, आपली मांगे राहिनी."

दिपमाला आपल्या वाट्याच्या ओळीशी, पातीशी, बसली आणि विळा घेतला. डाव्या हातात घेतला. बाया हसल्या. नेहमीच हसायच्या.

हा डाव्या हाताचा नाद पितांबर सरांचा. दिपमाला नववीत होती तेव्हा पितांबर सर गावच्या हायस्कुलात तासावर लागले. पुढे तालुक्याच्या कॉलेजातही तासावरच लागले. धरणगावचा माणूस, पस्तिशी उलटलेली, कायमची नोकरी नाही, म्हणून लग्नही लांबलेलं. पण बास्केटबॉलचं वेड असं की शाळेच्या मागे मुरमाच्या जागेवर स्वतः खड्डा खणून खांब पुरला आणि झुलाल मिस्तरीकडून लोखंडी रिंग वेल्डिंग करून घेतली. पहाटे साडेपाचला फटफटीवर यायचे. पोरींच्या आयांनी सुरुवातीला नावं ठेवली, मग सवय झाली. दिपमालाचा उजवा हात चांगला, डावा नुसता लोंबता. सर म्हणाले, घरी कामं डाव्या हाताने कर. पोरीने डाव्या हाताने झाडलं, डाव्या हाताने पाणी शेंदलं, डाव्या हाताने निंदलं. पहिल्या वर्षी तिची पात सगळ्यांत मागे राहायची आणि मंजुळाबाईला मान खाली घालावी लागायची. आता ती डाव्या हातानेही कुंदाबाईच्या बरोबरीने चालायची.

संध्याकाळी चुलीशी बसून दिपमालाने सगळं सांगितलं. उखर्डू दाराशी म्हशीचं दावं वळत ऐकत होता.

जळगावच्या मोठ्या कॉलेजात मोहिनी मॅडम शिकवतात. तिथे छताखाली मैदान आहे, खाली लाकूड आहे, पाऊस आला तरी खेळ चालतो. चाळीस पोरी आल्या होत्या. त्यांतली एकच घ्यायची होती.

"साक्रीकडली पुनम नावनी एक पोर व्हती. अनवाणीच खेळस. तिनापेक्षा मी जास्ती बास्केट टाक्यात," दिपमाला म्हणाली. मग जरा थांबून, "पन मॅडमनी मनी एक खोड काढी. मी चेंडूकडेच देखत पळस. मुरूमवर चेंडू कथाबी उडस ना, म्हनीसन मले तशीच सवय लागनी. मॅडम म्हने, आते सहा महिनामा ही सवय मोडी तं मोडी. नही मोडी तं मंग जल्मभर ऱ्हाई."

"मंग?" उखर्डूने विचारलं.

"आठला, एरंडोलना, दाखला काढीसन जळगावले नाव टाकनं पडी. शनिवारपर्यंत. त्याना नंतर दाखला काढा तं वरीसभर बाहेर बसनं पडस. मॅडम फोन करतीन. म्हने, फोन उना तं समज निवड व्हयनी. नही उना तं वाईट वाटू देऊ नको."

घरात फोन एकच. तो मंजुळाबाईच्या कमरेच्या पिशवीत असायचा, कारण उखर्डूकडे दिला की तो पाटात पडायचा. दिपमालाने मॅडमना तोच नंबर दिला होता.

"नी सर काय म्हनतस?" मंजुळाबाईने भाकरी थापता थापता विचारलं.

"सरच ली गयात ना मले. सर म्हनतस, मनी काळजी करू नको, तू जाय."

मंजुळाबाईने भाकरी तव्यावर टाकली. तिच्या मनात लगेच हिशेब सुरू झाला. तिला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने विचार करता येतच नव्हता, त्याला ती बिचारी काय करणार. पाच वर्षं या माणसाने पहाटे येऊन आपल्या पोरीवर मेहनत घेतली. त्याच्या संघात सगळ्या मिळून सात पोरी, त्यांत खेळणारी ही एक. ही गेली की संघ मोडला, आणि संघ मोडला की कॉलेज त्याचे तास कशाला ठेवेल? पोरगी आता कुठे कामाची झाली, आता त्याचे दिवस फेडायचे, तर ही चालली जळगावला. तो म्हणतो, माझी काळजी करू नका. म्हणणारच. कुंदाबाईही म्हणतेच की 'राहू दे'.

"जाऊ दे ना तिले," उखर्डू जेवताना म्हणाला. "अशी संधी घडीघडी येत नही."

"तुम्हले काय? तोंड मले दखाडनं पडस गावमा."

"मंग तूच देखी ले," असं म्हणून उखर्डूने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आयुष्यभर त्याने अवघड गोष्टी अशाच बायकोच्या पदरात टाकल्या होत्या.

बुधवार गेला. गुरुवारी सावड मंजुळाबाईच्याच वावरात होती. शुक्रवारी कुंदाबाईच्या. झड चालूच होती. बायांनी डोक्यावर खताच्या रिकाम्या गोण्यांची खोळ घेतली होती. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, बोटांची कातडी पांढरी पडून सुटलेली. गवत उपटलं की मुळाला शेरभर चिखल यायचा, तो झटकून झटकून मनगटं दुखायची. दिपमाला दोन दिवस होती, शुक्रवारी मात्र सकाळी कॉलेजला गेली. जाताना तिने मायला चार वेळा सांगितलं, फोन बंद ठेवू नको, भिजू देऊ नको.

फोन आला तेव्हा मंजुळाबाई पातीच्या मध्यावर होती. पिशवीतून प्लास्टिकची थैली, थैलीतून फोन काढेपर्यंत तो वाजून थांबला. परत वाजला.

"दिपमालाच्या आई का? मी जळगावहून मोहिनी मॅडम बोलतेय. मावशी, अभिनंदन! तुमच्या मुलीला आम्ही घेतलं. होस्टेलला जागा राखून ठेवलीय. उद्या शनिवार, दाखला घेऊन यायला सांगा तिला."

मंजुळाबाई उभी राहिली. समोर चार बायांच्या वाकलेल्या पाठी होत्या. पाचवी पात तिची, आणि सहावी, दिपमालाची, कोणीच धरली नव्हती. तिथे गवत तसंच उभं होतं. पुढच्या आठवड्यात अजून तीन वावरं फेडायची होती. हे सगळं तिला त्या एका क्षणात दिसलं, आणि पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली की तेव्हा मनात खरंच सर होते की गवत.

"मॅडम, पोरगी नही म्हनस," ती म्हणाली. "तिले आठेच खेळनं शे."

"असं कसं? ती तर किती उत्सुक होती."

"तठे व्हती. घर येईसन मन बदली गयं."

"मी बोलू का तिच्याशी?"

"ती घर नही शे."

मग मॅडम म्हणाल्या, "बरं. तिची इच्छा. पण तिला सांगा, मला वाईट वाटलं. चाळीस पोरींत ती पहिली होती."

आपल्या नावाने नाही म्हटलं असतं तर मॅडमनी समजावलं असतं, गावात आल्या असत्या, वाद झाला असता. पोरीचं नाव पुढे केलं की विषय मिटतो, हे मंजुळाबाईला बरोबर सुचलं. नको ते अशा वेळी नेमकं सुचतं.

"कोना फोन व्हता व?" कुंदाबाईने मान न उचलता विचारलं.

"बँकवालास्ना," मंजुळाबाई म्हणाली आणि खाली वाकली.

संध्याकाळी दिपमाला आली ती दारातूनच बोलली, "उना?"

"नही."

शनिवारी ती कुठे गेली नाही. फोन घेऊन ओसरीवर बसली. मधूनच तो कानाला लावून पाहायची, रेंज आहे का म्हणून. दोनदा वाजला, दोन्ही वेळा कंपनीवाल्यांचा. आलेले फोन उघडून पाहावे असं तिला सुचलं नाही, कारण माय खोटं बोलेल असं तिच्या मनातही आलं नाही. दुपारी चार वाजता ती उठली, फोन मायच्या पिशवीत ठेवला आणि म्हशीचं शेण काढायला गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"मी कमी पडनू माय," ती म्हणाली. "ती साक्रीवालीले लिधं व्हई."

तेव्हा सांगता आलं असतं. एरंडोलचं कॉलेज पाच वाजेपर्यंत उघडं होतं, फटफटी होती, सर होते. मंजुळाबाईने तोंड उघडलंही. पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "जाऊ दे. भाकर खाई ले."

चार दिवसांनी पितांबर सर घरी आले. दिपमाला विहिरीवर गेली होती, हे पाहूनच आले असावेत. खाटेच्या काठावर बसले. पँटच्या खालच्या घड्या चिखलाने भरलेल्या.

"मोहिनी मॅडमशी बोलणं झालं माझं," ते म्हणाले. "दिपमालाने नाही म्हटलं म्हणे."

मंजुळाबाईने चहाचा कप पुढे केला. "सर, आम्ही माणसं अडानी शेतस, पन केलेलं इसरत नही. पाच वरीस तुम्ही राबनात. पोरगी तुम्हना संघमाच ऱ्हाई."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं. शिकलेला माणूस, न समजायला काय झालं? फोनवर कोण बोललं, पोरीला किती माहीत आहे, सगळं त्यांना त्या वाक्यातच समजलं. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग बाहेर पावसाकडे. कॉलेजने त्या महिन्यात तासांचा नवा कागद काढला होता, त्यावर अजून सही व्हायची होती. संघ असेल तर तास.

"तुम्ही असं करायला नको होतं, वहिनी," ते हळूच म्हणाले.

"राहू द्या सर. तुम्ही अशेच म्हनशात."

त्यांनी चहा संपवला. दिपमाला पाणी घेऊन अंगणात आली तसे उठले. "उद्या साडेपाचला," एवढंच तिला म्हणाले आणि फटफटीला किक मारली.

दिवाळी झाली आणि पितांबर सर पेढे घेऊन आले. धुळ्याच्या एका हायस्कुलात कायमची नोकरी लागली होती. हातात पेढ्यांचा पुडा, पण नजर वर होईना. दिपमाला त्यांच्या पाया पडली आणि रडली. मंजुळाबाईने पेढा हातात घेतला आणि तसाच मुठीत धरून ठेवला. ज्याचं फेडायला पोरीला थांबवलं तोच माणूस निघाला होता, आणि त्यात त्याचा दोषही काढता येत नव्हता. कोणीही गेला असता.

त्यानंतर कॉलेजने संघाची यादी भूगोलाच्या मास्तरकडे दिली. भला माणूस, पण चेंडूला हवा कुठून भरतात तेही त्याला ठाऊक नव्हतं. दिपमाला एकटीच पहाटे मुरमावर जायची. उरलेल्या सहा पोरींना तीच शिकवायची. जे स्वतःला येत होतं तेच, पुढचं तिला तरी कोण शिकवणार? मंजुळाबाई चुलीपाशी बसून चेंडूचा आवाज ऐकायची. दर सकाळी तिला वाटायचं, आज सांगू. मग ऊन चढायचं आणि कामं निघायची.

पुढच्या वर्षी कार्तिक लागता लागता जळगावला कॉलेजा-कॉलेजांचे सामने होते. दिपमालाचं शेवटचं वर्ष. ती म्हणाली, "माय, तू कव्हयच देखं नही. येशी का?"

कापूस वेचणीची सावड चालू होती. मंजुळाबाईने उखर्डूला आपल्या जागी पाठवला. बायांमध्ये एकटा बाप्या ओटी बांधून कापूस वेचायला उभा राहिला तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या. उखर्डूही हसला. मंजुळाबाईचं मात्र लक्ष नव्हतं. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि एस.टी.त बसल्यापासून ती कनवटीला बांधलेल्या पैशांची गाठ चाचपत होती.

छताखालचं मैदान तिने पहिल्यांदाच पाहिलं. खालचं लाकूड चकचकत होतं. तिने चपला बाहेरच काढल्या. पायऱ्यांवर बसली. समोर जळगावच्या कॉलेजचा संघ, आणि त्यात ती साक्रीची पुनम. आता तिच्या पायात बूट होते.

खेळातलं मंजुळाबाईला कळत नव्हतं, काम करणारं माणूस मात्र कळत होतं. दिपमाला चौघींचं काम एकटी करत होती. धावायची, अडवायची, पडायची, उठायची. चेंडू हातात आला की मान खाली घालून सुटायची, आणि तेवढ्यात पुनम यायची आणि अलगद चेंडू काढून न्यायची. न्यायची कशी, तर चेंडूकडे न पाहता. नजर समोर, सगळं मैदान तिला दिसतंय अशी. एकदा झालं, दोनदा झालं, पाचव्यांदा पायऱ्यांवरच्या पोरी हसल्या. सव्वा वर्षांपूर्वी या दोघींत आपली पोर पहिली होती, हे त्या सबंध छताखाली तिघींनाच माहीत होतं: मॅडमना, मंजुळाबाईला, आणि कदाचित त्या पुनमला. दिपमालाला माहीत नव्हतं. ती घाम पुसून परत उभी राहत होती.

अठ्ठावन्न-एकवीस असं काहीतरी होऊन सामना संपला. दिपमाला टॉवेलने तोंड पुसत मायजवळ आली. तिच्या गुडघ्याचं साल निघालं होतं. तेवढ्यात मोहिनी मॅडम तिकडून आल्या. मंजुळाबाई उठून उभी राहिली आणि तिला पळून जावंसं वाटलं.

"छान लढलीस," मॅडम म्हणाल्या. दिपमालाच्या खांद्यावर हात ठेवला. "एक विचारू? तेव्हा तू का आली नाहीस गं? तुझी निवड झाली होती, पहिली होतीस तू. आईंनी फोनवर सांगितलं, तुला तिथंच खेळायचंय. मला फार वाईट वाटलं होतं."

दिपमालाने मायकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळ्यांची उघडझाप होते तेवढाच वेळ. मंजुळाबाईने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं.

"हो मॅडम," दिपमाला शहरच्या मराठीत सावकाश म्हणाली. "मलाच नव्हतं यायचं. घरी करमणार नाही असं वाटलं."

"असो," मॅडम म्हणाल्या. "वेळ गेली." आणि आपल्या पोरींकडे गेल्या.

परतीच्या एस.टी.त दोघींना शेजारी जागा मिळाली. दिपमाला खिडकीशी बसली. जळगाव मागे पडलं, पाळधी गेलं, धरणगावचा फाटा गेला. मंजुळाबाई वाट पाहत होती. पोरीने ओरडावं, चारचौघांत तोंड सोडावं, हवं तर हात उचलावा. तिला ते चाललं असतं.

शेवटी तीच म्हणाली, "तू खोटं काब्र सांगं त्या बाईले?"

"मंग काय करू? तठे बठ्ठासमोर तुले खोटी पाडू?"

"दिपा, मले वाटनं, सरनं..."

"मले समजनं माय, तुले काय वाटनं ते." दिपमालाचा आवाज चढला नव्हता. ती बाहेरच पाहत होती. "जाऊ नही देती तरी चालतं. मी ऱ्हाई जाती आठेच. पन मनी निवड व्हयेल व्हती, इतलं तरी सांगती. वरीसभर मी समजी राहिंतू का मले येतच नही."

गर्दीतून वाट काढत कंडक्टर आत्ता कुठे तिकिटं विचारत आला. मंजुळाबाईने दोन एरंडोल सांगितली आणि कनवटीला हात घातला, पण गाठ तिला सुटेना.